‘ते आले तर’चं इंग्रजी

माझा डावा पाय लहानपणी तापात गेला. गेला म्हणजे आहे, पण बारीक राहिला, आणि चालताना मी त्या अंगाला झुकते. हिंगोलीत तेव्हा अशा मुलीला तोंडावर लंगडी म्हणत आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. माझ्या बरोबरीच्या मुली एकेक करून सासरी गेल्या. मला बघायला पाहुणे येत, मी बसलेली असेपर्यंत हसून बोलत, आणि मी उठून आत जाताना पाहिलं की त्यांना परत जायची घाई होई.

शेवटी दादा, म्हणजे माझे वडील, जेवता जेवता मायला म्हणाले, "हिला शिकवू. उद्या आपण न्हाई राह्यलो तर हिनं कोणाच्या दारात बसू नये."

दादांचं कापसाच्या अडतीचं दुकान होतं. निजामी राज्यात शाळा उर्दूतून, म्हणून उर्दू मला बरी येत होती. गणितही येई. पण मॅट्रिकला इंग्रजी लागे आणि तिथं माझं घोडं अडलेलं. छावणीच्या अंगाला एक म्हातारे मास्तर राहत. साहेबाची पलटण हिंगोलीत होती त्या काळी लहानपणी त्यांनी पलटणीतल्या कारकुनाकडून इंग्रजी उचललं होतं आणि पुढं जन्मभर शाळेत तेच शिकवलं होतं. दादांनी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "भेज देव. मेरेकू भी वक्त कटता नहीं."

त्यांना सगळे मास्तरसाब म्हणत, मीही म्हणू लागले. पांढरी दाढी, लाल तुर्की टोपी, अंगात कायम एकच राखी शेरवानी. मुलगी लग्न होऊन हैदराबादेला गेलेली. ओसरीवर चटई टाकलेली असे. मागं परड्यात त्यांची स्वतःची विहीर होती. आतल्या दाराला पडदा होता आणि पडद्यामागं त्यांची बायको. तिचा चेहरा त्या दिवसांत मी कधी पाहिला नाही. तहान लागली असं म्हटलं की पडद्याखालून पितळी पेला बाहेर यायचा, एवढीच तिची माझी ओळख.

मास्तरसाब पाटीवर शिकवायचे. नाम, क्रियापद, काळ, सगळं सुरळीत चाललं. मी अडले ते ‘इफ’पाशी.

त्यांनी वाक्य दिलं होतं, ‘तो आला तर मी जाईन.’ मी पाटीवर लिहिलं, ‘इफ ही केम, आय शॅल गो.’

"आया क्या?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"येच. तेरा ‘ही’. आ गया?"

"न्हाई. अजून यायचाय."

"फिर ‘केम’ कायकू लिखी? जो आया नहीं, उसकू आया नक्को बोल."

मी पुसलं आणि लिहिलं, ‘इफ ही विल कम.’ त्यांनी त्याच्यावरही आडवी रेघ मारली. "इफ के पीछे विल नक्को. ‘इफ ही कम्स.’ बस. थंडे दिमाग से."

माझा गोंधळ काही केल्या जाईना, कारण आपली भाषाच वेगळी बोलते. ‘तो आला तर’ असं आपण म्हणतो. आला म्हणजे येऊन चुकला. जे अजून व्हायचंय ते होऊन गेल्यासारखं बोलायची आपल्याला सवय. इंग्रजाचं तसं नाही. त्याची तऱ्हाच निराळी, दाराच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला तो बाहेरच उभा ठेवतो.

मास्तरसाबांनी ‘इफ’ची वाक्यं मला तीन ढिगांत लावून दिली. होऊ शकेल असं, होणार नाही असं, आणि व्हायचं राहून गेलेलं. दुसऱ्या ढिगातलं त्यांचं वाक्य होतं, ‘इफ आय वेअर अ किंग.’ मी राजा असतो तर. "‘वॉज’ नहीं, ‘वेअर’," ते बजावत. "तू किंग नहीं है, ये याद रखने के वास्ते ‘वेअर’." तिसऱ्या ढिगात ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’. तो आला असता तर मी गेले असते. "इसमें डरने की बात नहीं," ते म्हणत. "जो होना था वो नहीं हुआ, किस्सा खतम." मला तिसरा ढीग सगळ्यांत अवघड वाटे.

सत्तेचाळीसचा पावसाळा आला. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात इंग्रज गेले, झेंडे लागले. आमच्याकडे निजामाचं राज्य होतं तसं राहिलं आणि खाकी कपड्यांतली माणसं रस्त्यानं कवायत करत हिंडायला लागली. आधी लाठ्या होत्या, मग बंदुका दिसू लागल्या. आसपासच्या गावांतून बातम्या येत. अमक्या गावची गंजी जाळली. तमक्या पाटलाला धरून नेलं, तो परत आला नाही. घरात त्या लोकांचं नाव घ्यायची बंदी होती. दादांनी सांगून ठेवलं होतं, "भिंतीला कान असतात. नुसतं ‘ते’ म्हणा."

मग सगळं बोलणं त्याच एका वळणाचं झालं. ते आले तर सोनं चुलीतल्या राखेत टाकायचं. ते आले तर पुढचं दार उघडायचं न्हाई. ते आले तर मागनं निघून ओढ्याच्या काठानं वऱ्हाडाकडे चालायचं. जेवताना, दळताना, केस विंचरताना, दिवसभर ‘ते आले तर’. आले, आले, आले. मला वाटायचं, ते अंगणात येऊन उभेच आहेत आणि आम्ही त्यांच्यासमोर भाकरी खातो आहोत.

शेजारच्या काकू एके दुपारी सूप घेऊन गहू पाखडायला आमच्याकडे आल्या. पाखडता पाखडता मायला म्हणाल्या, "माझ्या सुनंला सांगून ठिवलंय. ते आले तर आडात उडी टाक, पण हाती लागू नको."

सूप चालूच राहिलं. मी खांबाला टेकून बसले होते. आड आमच्या घरापासून चांगला लांब, गल्लीच्या टोकाला. मी मनातल्या मनात तिथपर्यंत चालून पाहिलं. घरातून गल्लीत, गल्लीतून वळणावर. आणि माझ्या लक्षात आलं की मी तिथपर्यंतसुद्धा पोचणार नाही. पाणी प्यायला उठायचं होतं, पण उठवेना.

त्या दिवशी दादा दुकानातून आल्यावर मी विचारलं, "वाट चालू असली तर गाडीनं जाऊ. अन् नसली तर?"

"तर पायी."

"पायी गेलो तर मी?"

दादांनी पगडी काढली, खुंटीला लावली, पाय धुवायला गेले. परत येऊन ताटावर बसले. मायच बोलली. "मी थांबीन तुझ्यापाशी. तुमी पुढं व्हा, आमी दोघी बसू इथंच." ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की मला रडूसुद्धा आलं नाही.

इंग्रजी मात्र चालू होतं. गल्लीतले लोक दादांना टोकत, "पोरगी त्याच्या घरी काहून धाडता? ते लोक एकच हायेत सगळे." दादा म्हणत, "मास्तर हाये तो." पण तेही आता मला सोडायला आणि घ्यायला स्वतः येत, किंवा दुकानातल्या हमालाला पाठवत. मीही भीत होते. मास्तरसाबांना नव्हे, पण त्यांच्या ओसरीपर्यंतच्या रस्त्याला. तरी गेले नाही असं झालं नाही. दिवसभरात तेवढाच वेळ ‘इफ’च्या मागं कोणी खाकीतलं नसे. तिथं पाऊस असे, राजा असे, चुकलेली आगगाडी असे.

उन्हाळा तोंडावर आला होता. एके दुपारी मी ओसरीवर चढले आणि पाहिलं तर बाजेवर एक तरणा माणूस खाकीत बसलेला. कमरेला पट्टा, पायात बूट. मास्तरसाब चटईवर नेहमीच्या जागी होते. ते म्हणाले, "बैठ. मेरा भतीजा है. पहले मेरे पास पढता था."

पुतण्या हसला. "ये कौन?"

"शागिर्द."

"किसकी बेटी?"

मास्तरसाबांनी दादांच्या दुकानाचं नाव सांगितलं. ते सांगताना त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. पुतण्यानं माझ्या पायाकडं पाहिलं, मग तोंडाकडं. "हौ, पहचानता हूँ. अच्छी दुकान है." आणि सावकाश म्हणाला, "अगर तुम्हारे अब्बा भाग गये, तो दुकान अपनी. बराबर बोला ना, चाचा? अगर और तो, दोनों सही लगे ना?"

मास्तरसाबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. त्यांच्या बोटांतला खडू पाटीवर टकटक वाजत होता. तोपर्यंत माझ्या मनात नव्हतं आलं, पण तेव्हा दिसलं, की हा म्हातारा माझ्याइतकाच घाबरलेला आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या चटईवर, स्वतःच्या भावाच्या मुलाला.

"लिख," ते मला म्हणाले. "कोई भी एक वाक्य. इफ का."

माझं डोकं रिकामं झालं होतं. घरी जे दिवसभर ऐकत होते तेच हातून उतरलं. ‘इफ दे कम, वी शॅल गो.’ ते आले तर आम्ही जाऊ. लिहिल्यावर माझी मलाच धडकी भरली. पाटी मी पटकन पालथी करणार, तोच मास्तरसाबांनी ती घेतली. पुतण्या बाजेवर होता, त्याला पाटीची मागची बाजू दिसत होती.

त्यांनी वाक्य वाचलं. मग ‘इफ’वर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘व्हेन’. पाटी माझ्यासमोर धरली.

ते आले तर नव्हे. ते येतील तेव्हा.

मला वाटलं, माझं चुकलं. मी म्हणाले, "मास्तरसाब, ‘इफ’ बराबर हाये की. ‘केम’ न्हाई लिहिलं, ‘विल’ न्हाई लिहिलं."

"सही है," ते हळू म्हणाले. "लेकिन यहाँ ‘व्हेन’ आयेगा. आज का सबक इतनाच. जल्दी घर जा, गर्मी बहुत है." आणि शेरवानीच्या बाहीनं त्यांनी पाटी पुसली. फडकं शेजारीच पडलेलं होतं.

हमाल अजून यायचा होता. मी एकटीच निघाले. छावणीचा रस्ता भर उन्हात ओस पडला होता. मी चालत होते आणि मनात ‘इफ’ आणि ‘व्हेन’चा फरक लावत होते. ‘इफ’ म्हणजे कदाचित. ‘व्हेन’ म्हणजे नक्की, फक्त वेळ ठरायची. अर्ध्या वाटेवर मला ते समजलं आणि माझा चांगला पायसुद्धा जागच्या जागी खिळला. कोणीतरी मागून येतंय असं वाटलं. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. भिंतीला हात लावत लावत घरी पोचले.

मायला सांगितलं तर तिला काही उमजेना. दादा आल्यावर पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "एका शब्दावरून घर सोडायचं?"

"त्यांनी बरोबर वाक्य खोडलं, दादा. ते बरोबर वाक्याला कधी हात लावत न्हाईत."

दादा उठून एका गाडीवानाकडे गेले.

दिवस उगवताना आम्ही निघालो. गाडीवान कनेरगावाजवळच्या तांड्यावरचा होता, सरहद्दीच्या नाक्यावरच्या माणसांना ओळखणारा. गाडीत सरकीची पोती, वर वाकळ, त्यावर आम्ही दोघी. दादा पुढं त्याच्याशेजारी. सामान जवळजवळ नाहीच. दुकानाला नेहमीसारखं कुलूप, अंगणात रोजच्यासारखा सडा. वाटेत जो भेटेल त्याच्याशी दादा हसून बोलत होते आणि प्रत्येक वेळी मला वाटत होतं, याला कळलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा गाडीवान म्हणाला, "आता नाका येईल. पलीकडं वऱ्हाड. घाबरल्यावाणी दिसू नका."

"मग कसं दिसू?" मायनं विचारलं.

"काय बी दिसा. पर पळून जाऊन राहिले असं दिसू नका. काल दोन गाड्या मागं फिरवल्या. एकीतल्या माणसाला ठिवून घेतलं."

मायनं माझ्याकडं पाहिलं. मला कळायच्या आत तिनं माझ्या लुगड्याचा काठ धरला आणि डाव्या पायाच्या नडगीपर्यंत वर सरकवला. जन्मभर जो पाय ती झाकत आली, पाहुण्यांपुढं मला पाटावर आधीच बसवून ठेवायची, तोच पाय तिनं उघडा केला. "हिला वाशीमच्या डॉक्टरला दाखवायला नेऊन राहिलो म्हणा," ती दादांना म्हणाली. "दुसरं काही बोलू नका."

करोडगिरी नाक्यावर, जिथं निजामाची जकात घेत, बांबू आडवा टाकलेला होता. शिपायांबरोबर खाकीतलेही होते. एकानं पोत्यांत सळई खुपसून पाहिली. दुसरा, बहुधा त्यांचा मोठा, दादांना म्हणाला, "कहाँ?"

"वाशीम. मुलीचा पाय दाखवायला."

"सब यहीच बोलते. कोई पेट दिखाने जाता, कोई दाँत." तो माझ्याकडं वळला. "उतरो. चल के दिखाव."

माय उतरू लागली तर त्यानं तिला थांबवलं. मी चाकाला धरून खाली आले. त्यानं बोटानं बाभळीकडं खूण केली. तिथवर जायचं आणि परत यायचं. मी चालले. सगळे बघत होते. आयुष्यात तेवढ्या लोकांनी माझं चालणं एकदम कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी हसलं. बाभळीला हात लावून मी वळले, तेव्हा मनात आलं, आपण नेहमीपेक्षा जास्त झुकतो आहोत असं त्यांना वाटलं तर? सोंग वाटलं तर? म्हणून मी सरळ चालायचा प्रयत्न केला, आणि पाय मुडपून पडले.

कोणी उचललं नाही. दादा जागचे हलले नाहीत. हलले असते तर काय झालं असतं कोण जाणे. मी हाताचे तळवे टेकून उठले, गुडघ्याला रक्त आलं होतं. तो मोठा थोडा वेळ त्या पायाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "जाने दो. अगर झूठ निकला तो वापसी में देखेंगे."

बांबू वर झाला. पैनगंगा ओलांडून बरंच पुढं गेलो. मग दादा गाडीतच तोंड फिरवून रडायला लागले. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

वाशीमला एका ओळखीच्या अडत्याच्या गोदामात आम्ही राहिलो. आम्ही निघालो त्याच आठवड्यात आमची गल्ली लुटली गेली. दुकान फोडलं. शेजारच्या काकूंच्या मुलाला मारलं, इतकं की तो पुढं महिनाभरच जगला. सुनेचं काय झालं ते मायनं मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्ही सुटलो होतो, पण सुटल्यासारखं वाटत नव्हतं. तिसऱ्या ढिगातली वाक्यं आता माझ्या मनात आपोआप तयार होत. आम्ही राहिलो असतो तर. त्यांनी तो शब्द खोडला नसता तर. मास्तरसाब म्हणत की यात घाबरण्यासारखं काही नाही. मला उलट त्याच वाक्यांनी घाम फुटायचा.

सप्टेंबरात हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि बघता बघता ते राज्य संपलं. वाशीमला साखर वाटली. मीही खाल्ली. पण चार-सहा दिवसांनी तिकडून येणारे लोक वेगळंच सांगू लागले. आता उलटं चाललंय म्हणाले. आता त्यांची घरं जळून राहिली. जे खाकीत फिरत होते ते कधीच पळाले, आणि मागं राहिलेल्यांवर, ज्यांनी कधी लाठीसुद्धा धरली नाही त्यांच्यावर, लोक तुटून पडलेत. सांगणारे कोणी खाली मान घालून सांगत, कोणी हसून.

दादा म्हणाले, "जाऊ." माय म्हणाली, "इतक्यात?" दादा म्हणाले, "मास्तरचं बघाया लागंल."

आमचं घर दारं नसलेलं उभं होतं. आम्ही मायला तिथं ठेवलं आणि भर दुपारी छावणीकडं गेलो. तोंडाशीच आमच्या ओळखीचे पाच-सात जण लाठ्या घेऊन बसलेले. त्यांत एक दादांच्या दुकानात कापूस तोलणारा जुना तोलार होता. तो म्हणाला, "दादा, तिकडं काहून जाऊन राहिले? तिथं कोणी न्हाई. सगळे पळाले." त्याच्या लाठीच्या टोकाला काळं काहीतरी वाळलेलं होतं. खाकीतल्या माणसापुढं मला जशी धडकी भरली होती, तशीच आता या आमच्या माणसापुढं भरली. दादा म्हणाले, "पोरीची पुस्तकं राह्यली होती तिथं. बघतो मिळाली तर."

मास्तरसाबांच्या घराला बाहेरून कुलूप होतं. ओसरीवरची बाज मोडून टाकली होती. आम्ही परड्यात गेलो. तिथं मला विहिरीचा दोर दिसला. रहाटावर गुंडाळलेला, आणि ओला. पाऊस उघडून बरेच दिवस झाले होते. त्या विहिरीवर दुसरं कोणी पाणी भरत नसे.

मी मागच्या खिडकीशी गेले. मराठीत हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबले. मराठी आवाज ऐकून आत काय होईल हे मला समजत होतं. मी हळूच इंग्रजीत म्हणाले, "सर, इट इज आय."

काही नाही. कान लावला. आत कोणीतरी श्वास धरून ठेवलेला असावा अशी शांतता.

"सर," मी म्हणाले, "इफ यू आर इन, प्लीज ओपन द डोअर."

जन्मात पहिल्यांदा मी ‘इफ’चं वाक्य खरोखरीचं बोलत होते आणि त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. आत असाल तर. नसाल तर?

पुष्कळ वेळानं आतून आवाज आला, "हू इज विथ यू?"

"माय फादर. नोबडी एल्स."

मागच्या दाराचा अडसर निघाला. मास्तरसाब निम्मे झाले होते. टोपी नाही, दाढी वाढलेली. एका शेजाऱ्यानं बाहेरून कुलूप लावून त्यांना आत कोंडलं होतं, वाचवण्यासाठी. तो अधूनमधून पीठ टाकून जाई, पण आता तोही भ्यायला होता. पाणी ते पहाटे अंधारात ओढत. दादा त्यांच्याजवळ बसले. मी पुतण्याचं विचारलं. "उसका नाम नक्को," ते म्हणाले.

"तुम्ही तेव्हाच हैदराबादेला मुलीकडं का न्हाई गेले?" मी म्हणाले.

"गये होते तो..." ते म्हणाले आणि थांबले. मी वाट पाहिली. अर्धं वाक्य त्यांनी मला कधी चालवून घेतलं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांनी ते तसंच सोडून दिलं.

लष्कराचा पहारा स्टेशनावर बसला होता. पूर्णेकडं जाणारी गाडी सुरू झाली होती; तिथून पुढं हैदराबाद. स्टेशन गाठलं की झालं, पण मधली गल्ली ओलांडायची होती आणि गल्लीच्या तोंडाशी लाठ्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी माय आमच्याबरोबर आली. पदराखाली तिनं आपलं एक लुगडं आणलं होतं. पडदा बाजूला करून ती आत गेली. मी मागं. तेव्हा मी मास्तरसाबांच्या बायकोला पहिल्यांदा पाहिलं. ठेंगणी, गोरी, नाकावर तीळ. मायनं तिला लुगडं नेसवलं, काष्टा घातला. मग कुंकवाची डबी हातात धरून उभी राहिली. पुढं व्हायला तिला धीर होईना.

"तुमाला चालंल का?" मायनं विचारलं.

म्हातारीनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग मायकडं. "लगाव," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. कुंकू वाकडं लागलं, मायनं पदरानं पुसून पुन्हा लावलं.

बाहेर दादांनी डोक्याची पगडी काढून मास्तरसाबांच्या डोक्यावर ठेवली. दाढी सकाळीच उतरवली होती. गाडीवान तोच होता, तांड्यावरचा. लाठीवाल्यांपाशी गाडी आली तेव्हा तोलार उठून उभा राहिला. "कोण हायेत हे?"

"मावशी हाये माझी, पूर्णेची," माय म्हणाली. "अन् हे काका. आमचं घर जळालं का राह्यलं बघाया आले होते."

तो गाडीजवळ आला. मास्तरसाबांनी मान खाली घातली होती. म्हातारीनं मायचा हात धरला होता, आणि नंतर माझ्या लक्षात आलं की माझाही. तोलार तिच्या कपाळाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मावशी, सांभाळून जा. वखत खराब हाये." आणि बाजूला झाला.

आगगाडी सुटेपर्यंत दोघं डब्यात दाराकडं पाठ करून बसले होते. फलाटावर एका शिपायानं बुटाचा आवाज केला तरी मास्तरसाबांचे खांदे वर होत. ते हैदराबादेला सुखरूप पोचले हे पुढं एका रेल्वेतल्या माणसाकडून कळलं. तिथं मुलीकडं आणखी काही वर्षं ते होते म्हणे. मी त्यानंतर मॅट्रिक झाले, वसमतला मुलींच्या शाळेत लागले आणि तिथंच इंग्रजी शिकवत म्हातारी झाले. पण त्यांची माझी भेट पुन्हा झाली नाही.

स्टेशनावरून आम्ही बाजारातून परत निघालो. दादा उघड्या डोक्यानं चालत होते; पगडी मास्तरसाबांच्या डोक्यावर गेली होती. त्या काळी उघडं डोकं म्हणजे घरात कोणी गेलं असंच लोक समजत. चौकात तोलार पुन्हा भेटला. त्यानं दादांकडं निरखून पाहिलं.

"डोकं उघडं काहून, दादा?"

मायनं माझा दंड घट्ट धरला. दादा थांबले नाहीत. चालता चालताच म्हणाले, "उकडून राहिलं."

आभाळ भरून आलं होतं आणि गार वारा सुटला होता. तोलारानं एकवार वर पाहिलं. घर येईपर्यंत आमच्यापैकी कोणीही मागं वळून बघितलं नाही.